चित्राखालचे नाव

आपली मुले आता नुसती वाचत नाहीत, लिहूही लागली आहेत. आंबेडकर जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन, सावित्रीबाईंची जयंती अशा निमित्ताने वस्त्यावस्त्यांतून आणि शाळा-महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांचे अंक निघतात. पूर्वी हे अंक हस्तलिखित असत किंवा भित्तिपत्रक म्हणून फळ्यावर लागत. आज ते संगणकावर जुळवले जातात, छापले जातात आणि मोबाईलवरून दूरवर पोहोचतात. या अंकांतील लेखांविषयी आपण बोलतो. त्यांतील चित्रांविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. ती कोठून आली, कोणी काढली, ती छापण्याचा आपल्याला अधिकार आहे काय आणि असल्यास किती, हे प्रश्न आपण फारसे विचारलेले नाहीत. मीही विचारले नव्हते. पारशिवनीतील एका अनुभवाने ते मला विचारावे लागले.

पारशिवनी हे नागपूर जिल्ह्यातील, पेंच नदीच्या परिसरातील तालुक्याचे गाव. येथे मी शिक्षकी केली आणि आता दर रविवारी विहारात मुलांचा अभ्यासवर्ग घेतो. नववीपासून पदवीपर्यंतची वीस-बावीस मुलेमुली येतात. कोणाचे वडील शेतमजूर, कोणाचे कन्हान पट्ट्यातील कोळसा खाणीत कंत्राटी कामावर, कोणाची आई वीटभट्टीवर. दोन वर्षांपूर्वी या मुलांनी १४ एप्रिलसाठी बत्तीस पानांची एक पुस्तिका तयार केली. वस्तीतील माणसांचे श्रम आणि बाबासाहेबांचा विचार असा तिचा विषय होता. लेख मी वाचले होते. चित्रे मी नुसती पाहिली होती.

पुस्तिका नागपूरच्या एका छापखान्यात दिली तेव्हा तेथील माणसाने विचारले, "या चित्रांची परवानगी आहे का?" आमच्याकडे उत्तर नव्हते. मुले गावी परतली आणि त्यांनी एका वडीलधाऱ्या, शिकलेल्या गृहस्थांना विचारले. त्यांनी सांगितले, "कॉपीराइटचा कायदा आहे. तीन वर्षे आत जाल." मुले घाबरली. पुढच्या रविवारी वर्गात दोन तट पडले. एक तट म्हणाला, सगळी चित्रे काढून टाकू. दुसरा म्हणाला, नेटवर जे आहे ते सगळ्यांचेच, कोण विचारतो? मला वाटते, आपल्याकडे या विषयावर जे काही मत आहे ते या दोन तटांतच विभागलेले आहे. हे दोन्ही तट चूक आहेत. पहिल्याने कायद्याने दिलेली मुभा न वाचताच सोडून दिली आणि दुसऱ्याने दुसऱ्याचे श्रम न विचारताच उचलले.

म्हणून मी कायदा काढून वाचला. तो असा.

आपल्याकडील प्रताधिकाराचा, म्हणजे कॉपीराइटचा, कायदा १९५७ सालचा असून तो २१ जानेवारी १९५८ रोजी अमलात आला. त्यात अनेकदा दुरुस्त्या झाल्या. त्यांपैकी १९९२ ची आणि २०१२ ची अशा दोन दुरुस्त्या आपल्या विषयासाठी महत्त्वाच्या आहेत. कोणी चित्र काढले, छायाचित्र घेतले, की त्या क्षणी त्यावर प्रताधिकार निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही, कोपऱ्यात वर्तुळातले चिन्ह लागत नाही, काढणारा सज्ञान असावा लागत नाही. लेखन आणि चित्रे यांच्यावरील हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती, १९९२ च्या दुरुस्तीने ती ६० झाली. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चे. म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांवरील प्रताधिकार २०१६ च्या अखेरीस संपला आणि १ जानेवारी २०१७ पासून 'जातिनिर्मूलना'चे मूळ इंग्रजी भाषण कोणीही छापू शकतो. त्याचा मराठी अनुवाद मात्र अनुवादकाचा असतो आणि त्याची मुदत वेगळी मोजावी लागते.

प्रताधिकार हा बंद दरवाजा नव्हे. त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमात काही वापर मोकळे ठेवलेले आहेत. त्यांना परवानगी लागत नाही आणि पैसेही द्यावे लागत नाहीत. खाजगी वापर व संशोधन, टीका किंवा परीक्षण, आणि चालू घडामोडींचे वृत्तांकन, एवढ्या हेतूंसाठी कोणत्याही कृतीचा 'रास्त व्यवहार' करता येतो. याच कलमात एक स्वतंत्र तरतूद आहे. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकण्या-शिकवण्याच्या ओघात एखादी कृती उतरवली, तसेच परीक्षेच्या प्रश्नात किंवा उत्तरात ती वापरली, तर तो प्रताधिकाराचा भंग नाही.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. आपली महाविद्यालयीन मुले नेटवर वाचतात ते बहुधा अमेरिकेतील 'फेअर यूज'विषयी असते. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यात हेतू कोणताही असू शकतो. वापराचा हेतू, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेला भाग आणि बाजारावरचा परिणाम, अशा चार कसोट्या लावून न्यायालय निर्णय देते. आपल्याकडे हेतूंची यादी कायद्याने ठरवून दिलेली आहे. आपला वापर आधी त्या यादीत बसला पाहिजे, आणि बसल्यानंतर तो रास्त आहे की नाही हा प्रश्न येतो. 'आम्ही नफा करीत नाही' एवढेच म्हणणे भारतात पुरत नाही. 'शैक्षणिक हेतूसाठी' असे शेवटच्या पानावर छापल्यानेही काही होत नाही.

मग शिकण्या-शिकवण्याचा ओघ म्हणजे नेमके काय? तास सुरू झाल्यापासून घंटा होईपर्यंत, एवढेच? या प्रश्नावर आपल्या देशात एक मोठा खटला झाला आणि तो प्रत्येक शिक्षकाला माहीत असला पाहिजे. दिल्ली विद्यापीठाच्या दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी नावाचे एक झेरॉक्सचे दुकान होते. प्राध्यापकांनी नेमून दिलेली प्रकरणे वेगवेगळ्या पुस्तकांतून उतरवून हे दुकान त्यांची एकत्र बांधणी करून विद्यार्थ्यांना देई. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने तो फेटाळला. अपिलात ९ डिसेंबर २०१६ रोजी खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा तपासण्यासाठी परत पाठवले, परंतु मुख्य तत्त्व स्पष्ट केले. शिकवण्याचा ओघ म्हणजे केवळ वर्गातील व्याख्यान नव्हे, तर सत्राच्या तयारीपासून अभ्यास पुरा होईपर्यंतची सारी प्रक्रिया त्यात येते. किती पाने घेतली हे मोजण्यापेक्षा शिकवण्याच्या हेतूला ती आवश्यक होती काय, हे पाहावे. पुढे २०१७ साली प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

ज्यांना पुस्तक विकत घेणे परवडत नाही त्यांच्यासाठी या निर्णयाची किंमत सांगायला नको. आपल्या आधीच्या पिढीने मागून आणलेली पुस्तके रात्रभर कंदिलाच्या उजेडात वहीत उतरवली. उतरवून घेणे ही आपल्या शिक्षणाची पहिली वाट आहे. म्हणून वर्गासाठी, अभ्यासासाठी, प्रकल्पवहीसाठी, परीक्षेसाठी चित्र वापरणाऱ्या मुलाला कोणी कायद्याची भीती घातली तर ती आपण मोडून काढली पाहिजे.

पण आमची पुस्तिका छापली जाणार होती आणि दहा रुपयांना विकली जाणार होती. ती वर्गाचा उंबरठा ओलांडणार होती. येथून पुढे प्रत्येक चित्राचा वेगळा विचार करणे भाग होते. म्हणून आम्ही एक रविवार बाकी सगळे बाजूला ठेवून चित्रे जमिनीवर मांडली आणि एकेक उचलत गेलो. त्यांतील सहांचा हिशेब येथे देतो. इतर कोणत्याही अंकातील चित्रे बहुधा या सहांपैकी एका प्रकारात बसतील.

पहिले चित्र 'मूकनायक'च्या पहिल्या अंकाच्या पानाचे होते. हा अंक ३१ जानेवारी १९२० चा. इतक्या जुन्या पानाचे चित्र छापायला अडचण नाही. 'बहिष्कृत भारत'च्या १९२७ च्या पानांनाही हेच लागू. जुन्या छायाचित्रांचा नियम थोडा वेगळा आहे. २०१२ पर्यंत छायाचित्राची मुदत छायाचित्रकाराच्या आयुष्यावरून मोजली जात नसे. ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे, असा हिशेब होता. म्हणून १९५१ पर्यंत भारतात प्रसिद्ध झालेली छायाचित्रे २०११ च्या अखेरपर्यंत मोकळी झाली. महाडच्या, गोलमेज परिषदेच्या काळातील बाबासाहेबांची त्या वेळीच छापली गेलेली छायाचित्रे यात येतात.

दुसरे चित्र १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षा समारंभाचे होते. मुलांना वाटले, हे तर आपलेच. आपले आजे-पणजे त्या गर्दीत उभे होते. पण गर्दीत आपण असणे आणि छायाचित्र आपले असणे या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या आहेत. १९५६ साली प्रसिद्ध झालेले छायाचित्र जुन्या हिशेबाने २०१६ अखेर मोकळे झाले असते. मध्येच २०१२ च्या दुरुस्तीने छायाचित्राची वेगळी मुदत रद्द केली, आणि ज्यांची मुदत तेव्हा शिल्लक होती त्यांच्याबाबत छायाचित्रकाराचे आयुष्य अधिक ६० वर्षे असा प्रश्न उभा राहिला. म्हणजे १९५१ नंतर प्रसिद्ध झालेल्या छायाचित्राबाबत ते कोणी काढले, तो माणूस हयात आहे काय, नसल्यास कधी वारला, हे शोधावेच लागते. नेटवरून उतरवलेल्या आमच्या चित्राखाली कोणाचेच नाव नव्हते. ते चित्र आम्ही वर्गात पाहिले, त्यावर चर्चा केली, पुस्तिकेत घातले नाही. त्याऐवजी मुले वस्तीतील ऐंशी ओलांडलेल्या एका आजोबांकडे गेली. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ते त्या मैदानावर गेले होते. त्यांनी सांगितलेले मुलांनी लिहून घेतले. पुस्तिकेतील सर्वांत चांगली दोन पाने तीच झाली.

तिसरे चित्र एका मुलीने घरून आणले होते. पांढरा सदरा आणि टोपी घातलेला, खुर्चीवर ताठ बसलेला एक माणूस. दीक्षेनंतर काही महिन्यांनी नागपूरच्या एका स्टुडिओत तिच्या पणजोबांनी तो काढवून घेतला होता. मागे स्टुडिओचा शिक्का होता. छापखान्यातील माणसाने तोच शिक्का दाखवून, हा फोटो स्टुडिओचा आहे, असे सांगितले होते. मुलीची आजी हे ऐकून संतापली. म्हणाली, "माह्या सासऱ्याचा फोटो होय हा. पैसे मोजले व्हते त्यानं. स्टुडिओवाल्याचा कसा होते?" कायदा आजीच्या बाजूने आहे. मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, तो काढवून घेणारा असतो. १९५७ च्या कायद्याचे १७ वे कलम असे सांगते आणि त्याआधीच्या १९११ च्या कायद्यातही हेच तत्त्व होते. आपल्या घराघरांतील भिंतींवर, ट्रंकांत अशी छायाचित्रे आहेत. ती आपली आहेत. ज्या समाजाची छायाचित्रे इतरांनी क्वचितच आदराने काढली, त्या समाजाने स्वतः पैसे मोजून, स्वच्छ कपडे घालून काढवून घेतलेली ही छायाचित्रे म्हणजे आपला दफ्तरखाना आहे. नेटवर शोधण्याआधी मुलांनी तो उघडावा.

चौथे चित्र बाबासाहेबांच्या पुतळ्याचे होते. शिल्पकाराचाही त्याच्या शिल्पावर प्रताधिकार असतो. परंतु सार्वजनिक जागी कायम उभारलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढायला किंवा चित्र रेखाटायला आणि ते प्रसिद्ध करायला ५२ वे कलम मुभा देते. इमारतींनाही तशीच मुभा आहे, म्हणून दीक्षाभूमीच्या स्तूपाचे किंवा कामठीच्या ड्रॅगन पॅलेसचे छायाचित्र आपण स्वतः काढून छापू शकतो. 'स्वतः काढून' हे शब्द महत्त्वाचे आहेत. मुलांनी पुतळ्याचे छायाचित्र नेटवरून घेतले होते. पुतळा सर्वांसाठी मोकळा होता, पण ते छायाचित्र कोणा अनोळखी माणसाचे होते. एक मुलगा उठला, चौकात गेला आणि मोबाईलवर फोटो काढून दहा मिनिटांत परत आला. प्रश्न मिटला. त्या छायाचित्राखाली आता त्याचे नाव आहे.

पाचवे चित्र एका व्यंगचित्राचे होते. १९४९ साली व्यंगचित्रकार शंकर यांनी काढलेल्या त्या चित्रात राज्यघटना गोगलगाय झाली आहे, तिच्यावर बाबासाहेब बसले आहेत आणि मागे नेहरू चाबूक उगारून उभे आहेत. २००६ साली एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात ते छापले गेले. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला आणि केंद्र सरकारने ते काढण्याचे जाहीर केले. आमच्या वर्गातील बी.ए.च्या एका मुलीने, पाठ्यपुस्तकातील चित्र विद्यार्थ्याला काय शिकवते, या विषयावर लेख लिहून सोबत हे चित्र जोडले होते. शंकर १९८९ साली वारले, म्हणजे चित्रावरचा हक्क २०४९ च्या अखेरपर्यंत आहे. तरीही ते छापायला आधार होता, कारण तिने त्याच चित्रावर टीका केली होती. ज्यावर टीका करायची ते वाचकासमोर ठेवल्याशिवाय टीका होत नाही, हे कायदा मान्य करतो. उन्नमती श्याम सुंदर यांनी बाबासाहेबांवरील शंभरांहून अधिक व्यंगचित्रे एकत्र करून त्यांची चिकित्सा करणारे इंग्रजी पुस्तक २०१९ साली प्रसिद्ध केले. आपल्या अवहेलनेचे चित्र लपवून ठेवण्यापेक्षा त्याची चिरफाड करणे अधिक उपयोगाचे, हे त्या पुस्तकाने दाखवले.

टीकेचा हा अधिकार किती दूर जातो याचे एक उदाहरण केरळातले आहे. तोप्पिल भासी यांचे १९५२ चे एक मल्याळम नाटक कम्युनिस्ट चळवळीत अतिशय गाजले. पुढे सिविक चंद्रन यांनी त्याच्या उलटतपासणीचे नाटक लिहिले. चळवळीसाठी ज्यांनी सर्वस्व दिले त्या तळच्या माणसांचे पुढे काय झाले, असा प्रश्न त्यांनी मूळ नाटकातील पात्रे आणि काही संवाद घेऊनच विचारला. मूळ लेखकाच्या वारसांनी प्रताधिकाराचा आधार घेऊन ते अडवण्याचा प्रयत्न केला. १९९६ साली केरळ उच्च न्यायालयाने, किती घेतले, कशासाठी घेतले आणि ते मूळ कृतीशी बाजारात स्पर्धा करते काय, हे पाहिले आणि प्रयोगाची वाट मोकळी केली. प्रस्थापित कृतीला तिच्याच साधनांनी उत्तर देण्याची ही मुभा आहे. उत्तर द्यायचे ज्यांचे राहून गेले आहे त्यांना तिचे मोल अधिक.

सहावे चित्र नागपुरात जन्मलेले चित्रकार सावी सावरकर यांचे होते. गळ्यात मडके आणि झाडू बांधलेला पेशवाईतील अस्पृश्य, देवदासी, हे त्यांच्या चित्रांचे विषय. मुलांनी त्यांचे एक चित्र पानभर घेऊन त्यावर कवितेच्या ओळी छापायचे ठरवले होते. चित्राविषयी लेखात अवाक्षर नव्हते. पान भरून दिसावे एवढाच हेतू. ही सजावट होती, आणि सजावट हा ५२ व्या कलमातील हेतू नाही. मी मुलांना विचारले, या चित्रात तुम्ही काय पाहिले? कोणी बोलेना. मग त्यांनी ते चित्र खरोखर पाहायला घेतले. तास-दीड तास बोलणे झाले. शेवटी दोन मुलींनी चित्राचे परीक्षण लिहिले, शेजारी ते चित्र लहान आकारात घेतले, खाली चित्रकाराचे पूर्ण नाव दिले. आता त्या वापराला परीक्षणाचा आधार होता. कायद्याच्या निमित्ताने मुले चित्र वाचायला शिकली, हा मला अनपेक्षित लाभ वाटतो. आपलेच चित्रकार, आपलेच छायाचित्रकार म्हणून त्यांचे काम फुकट घ्यावे, ही सवय बरी नाही. मुंबईतील सफाई कामगारांचे जगणे वर्षानुवर्षे टिपणारे सुधारक ओलवे यांच्यासारख्या छायाचित्रकाराचे काम सजावटीला हवे असेल तर त्यांना विचारावे. ज्यांनी 'क्रिएटिव्ह कॉमन्स'सारखा परवाना देऊन आपली चित्रे मोकळी ठेवली आहेत अशीही हजारो चित्रे 'विकिमीडिया कॉमन्स'वर आहेत. त्यांच्याही अटी असतात. नाव द्या, ही बहुतेकांची पहिली अट.

गृहस्थांनी घातलेल्या भीतीविषयीही सांगतो. जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, असे कायदा म्हणतो हे खरे. मात्र व्यापारी लाभासाठी भंग केलेला नसेल तर विशेष कारणे नोंदवून याहून कमी शिक्षा देण्याची मोकळीक न्यायालयाला आहे, हेही तेथेच लिहिले आहे. अर्धा कायदा सांगून गरिबाला गप्प करण्याची रीत जुनी आहे. तिच्यावर उपाय एकच. कायदा पूर्ण वाचावा.

आता मूळ गोष्टीकडे येतो. वरील सारा विचार मी केवळ छापखान्याच्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी केला असता तर हा लेख लिहिलाच नसता.

आमच्या पुस्तिकेचे मुखपृष्ठ अकरावीतील एका मुलाने काढले होते. विटा डोक्यावर घेतलेली बाई आणि तिच्या विटांतूनच उभी राहिलेली शाळा. चित्र देखणे होते. पुस्तिका निघण्याआधीच कोणीतरी ते मोबाईलवरून पुढे पाठवले आणि जयंतीला एका मंडळाच्या फ्लेक्सवर ते झळकले. त्या फ्लेक्सवर पुढाऱ्यांची अकरा छायाचित्रे होती आणि प्रत्येकाखाली नाव होते. ज्याचे चित्र होते त्याचे नाव नव्हते. मुलगा त्या फ्लेक्सखालून मिरवणुकीत गेला आणि काही बोलला नाही. रविवारी मी विषय काढला तेव्हा तो म्हणाला, "सर, आपल्याच लोकायनं लावलं. त्यायले काय म्हणू?"

त्या रात्री मला माझीच एक गोष्ट आठवली. काही वर्षांपूर्वी शाळेच्या अंकासाठी मी एका चित्रकाराचे चित्र घेतले होते. कोपऱ्यातील त्याची सही मध्ये येत होती, पान नीट दिसेना. मी ती कापून टाकली. तेव्हा मला त्यात काहीच वावगे वाटले नव्हते. आता विचार करतो तेव्हा वाटते, ज्या व्यवस्थेने घरे, विहिरी, मंदिरे बांधून घेतली आणि बांधणाऱ्याचे नाव कोठेच ठेवले नाही, तिची कात्री त्या दिवशी माझ्या हातात होती. श्रम घ्यायचे आणि श्रमणाऱ्याला नाव द्यायचे नाही, हे जातिव्यवस्थेचे काम आपण किती सहज करतो!

कायद्यालाही हे उमगलेले आहे. त्याच्या ५७ व्या कलमाप्रमाणे कर्त्याने सारे हक्क विकून टाकले तरी दोन हक्क त्याच्याजवळ उरतात. ही कृती माझी आहे असे सांगण्याचा, आणि तिची मोडतोड करून आपली अप्रतिष्ठा करणाऱ्याला रोखण्याचा. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी घडवलेले भव्य ब्राँझचे भित्तिशिल्प सरकारने १९७९ साली काढून गोदामात टाकले. शिल्प सरकारच्या मालकीचे होते. तरीही २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष सेहगलांना परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. वस्तू विकता येते, कर्तेपण विकता येत नाही, हा त्याचा अर्थ.

म्हणून आमच्या वर्गाने आता एक नोंदवही ठेवली आहे. अंकासाठी चित्र आले की त्यात पाच गोष्टी लिहायच्या: चित्र कशाचे, कोणी काढले, कोणत्या वर्षीचे, कोठून घेतले, आणि कोणत्या आधाराने छापतो. आधार चारच: मुदत संपली, कायद्याने मुभा दिली, परवानगी घेतली, किंवा आपण स्वतः काढले. यांपैकी एकही आधार लिहिता आला नाही तर चित्र वर्गात ठेवायचे, छापायचे नाही. आणि आधार कोणताही असो, चित्राखाली नाव द्यायचेच, मुदत संपलेली असली तरी. शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे की आपल्या शाळेच्या, महाविद्यालयाच्या अंकासाठी अशी एक वही सुरू करावी. तिला खर्च येत नाही. कार्यकर्त्यांनी जयंतीच्या फ्लेक्सवर, पत्रकावर एक कोपरा चित्र काढणाऱ्यासाठी राखावा.

आमची पुस्तिका दोन आठवडे उशिरा निघाली. जयंती होऊन गेली होती. पण शेवटच्या पानावर प्रत्येक चित्राचे नाव, साल आणि कर्ता छापलेला होता. पणजोबांच्या छायाचित्रासमोर आजीच्या सांगण्यावरून लिहिले होते: 'पैसे देऊन काढवून घेतलेला.' मुखपृष्ठ काढणाऱ्या मुलाने पुढे मंडळाला एक पत्र लिहिले. भांडणाचे नव्हे, नाव मागणारे. पत्राचे उत्तर आले नाही. पण यंदाच्या फ्लेक्सवर त्याचे नवे चित्र होते आणि खाली डाव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, त्याचे नाव होते. ते वाचायला मी मुद्दाम चौकात गेलो.